डाव्या पायाचा हट्ट

व्होल्वो म्हटलं की आपल्याकडे बस आठवते. दादर-पुणे शिवनेरी, नाहीतर रात्रीची बेंगळुरू आणि हाडं गोठवणारा एसी. अमेरिकेत त्याच नावाला एक चौकोनी मोटार आठवते. पट्टीनं आखलेली, कोपरे जेमतेम घासलेले, पुढे-मागे जाडजूड बंपर. तिचं नाव २४०. स्वीडनमध्ये १९७४ साली तिचं उत्पादन सुरू झालं आणि १९९३ च्या मे महिन्यात शेवटची गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दरम्यान या घराण्याच्या सुमारे अठ्ठावीस लाख गाड्या रस्त्यावर आल्या. प्राध्यापक, ग्रंथपाल, बालरोगतज्ज्ञ अशा सावध मंडळींची गाडी हा तिचा अमेरिकेतला लौकिक, आणि या सावध मंडळींनी ती बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच घेतली.

आता तिशी-पस्तिशी गाठलेली तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातानं विकत घेणारा माणूस वेगळ्या जातकुळीचा असतो. त्याला ते लाल रंगवलेलं चार सिलिंडरचं दणकट इंजिन आवडतं, मागच्या चाकांना मिळणारी ताकद आवडते, स्वतः पाना हातात घेता येतो हे तर फारच आवडतं. खटकतो तो फक्त ऑटोमॅटिक गिअर. मग एखाद्या शनिवारी तो गाडी चार स्टँडवर चढवतो, गिअरबॉक्स उतरवतो आणि त्या जागी पाच गिअरचा मॅन्युअल बसवायला घेतो. डाव्या पायासाठी तिसरं पेडल येतं. पन्नास वर्षं खपून अमेरिकेनं ज्या पायाला निवृत्त केलं, त्याला हा माणूस पुन्हा कामाला लावतो.

हिशेबाच्या वहीत हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. सुटे भाग गोळा करताना गाडीच्या निम्म्या किमतीएवढा खर्च सहज होतो आणि काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर तो गाडीच्या किमतीपलीकडेही जातो. तरी ही हौस थांबलेली नाही, उलट वाढली आहे. कारण सरळ आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा मॅन्युअल होता. आज तो एक-दोन टक्क्यांवर आला आहे. नवी मिळत नाही आणि जुनी मॅन्युअल कुणी सोडत नाही. उरतात त्या जुन्या ऑटोमॅटिक. त्या स्वस्त मिळतात.

अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी माणसाला हा हट्ट लवकर कळतो. भाड्याची पहिली गाडी घेतली की सोबतचा जुना-जाणता मित्र एकच सूचना देतो : डावा पाय मागे घे, तो विसरून जा. पण पाय विसरत नाही. पहिल्याच सिग्नलला तो सवयीनं क्लच शोधतो आणि त्याला सापडतं ते ऑटोमॅटिकचं दुप्पट रुंदीचं ब्रेक पेडल. क्लच दाबायच्या जोरानं ब्रेक दाबला गेला की गाडीतले सगळे एकदम पुढे वाकतात. मागून हॉर्न वाजतो, आणि अमेरिकेत हॉर्न सहसा वाजत नाही.

*

मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक या दोन्ही यंत्रांच्या मुळाशी एकच माणूस आहे, हे मला फार गमतीचं वाटतं. अर्ल थॉम्पसन हा अमेरिकन अभियंता. १९२० च्या दशकापर्यंत गिअर बदलणं हे कसबाचं काम होतं. दातांचा वेग जुळला नाही तर गिअरबॉक्स किंचाळायचा. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांची 'डबल क्लच'ची पद्धत त्याच अडचणीतून आलेली : क्लच दाबून न्यूट्रल, पाय सोडून जरा रेस, पुन्हा क्लच आणि मग गिअर. थॉम्पसननं गिअर अडकण्याआधी दोन्ही चकत्यांचा वेग घर्षणानं जुळवणारी युक्ती काढली आणि १९२८ साली कॅडिलॅक गाडीत ती आली. हाच तो सिंक्रोमेश, आजही प्रत्येक मॅन्युअल मोटारीत असलेला. मॅन्युअल सोपा करून झाल्यावर या गृहस्थानं तो गाडीतून हद्दपार करण्याच्या कामाला हात घातला. जनरल मोटर्समध्ये त्याच्या चमूनं घडवलेला हायड्रा-मॅटिक हा मोठ्या प्रमाणावर बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो मिळू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसला. रणगाड्यात टिकलेलं यंत्र कुटुंबाच्या गाडीत टिकेल का, ही शंका मग कुणी घेतली नाही. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेपुरता प्रश्न मिटला होता.

हायड्रा-मॅटिकमध्ये साधं फ्लुइड कपलिंग होतं. आजच्या ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर त्याहून जुना, आणि तो मोटारीसाठी जन्मलाच नव्हता. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाइनचा प्रचंड वेग प्रॉपेलरला सोसेल असा करण्यासाठी. तत्त्व समजायला दोन टेबल फॅन पुरतात. समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा आपोआप फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं, आणि दोन पंख्यांच्या मधे तिसरं एक चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. त्या तिसऱ्या चाकामुळे गाडी उठताना इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. इंजिन नुसतं चालू असतानाही तेलातून थोडी ताकद पुढे जातच असते, म्हणून ऑटोमॅटिक गाडी साध्या चढावर मागे सरकत नाही, आणि सिग्नलला ब्रेकवरचा पाय जरा सैल केला की ती आपणहून पुढे रांगू लागते.

नंतरच्या व्होल्वो २४० मधल्या ऑटोमॅटिकचं नाव एडब्ल्यू ७०. गाडी स्वीडनची, गिअरबॉक्स जपानचा. आयसिन आणि अमेरिकेची बॉर्गवॉर्नर यांनी १९६९ मध्ये जपानात जो भागीदारीचा कारखाना काढला, तिथला. चार गिअर, त्यातला चौथा ओव्हरड्राइव्ह. पोटात सात-साडेसात लिटर लाल तेल. गिअर कधी बदलायचा हा निर्णय घेणारा संगणक त्यात नाही. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात वळणावळणाच्या नाल्या कोरलेल्या असतात, त्यातून तेल फिरतं. एका बाजूनं गाडीच्या वेगाचा दाब येतो, दुसऱ्या बाजूनं ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल सांगते की चालक किती घाईत आहे. दोन दाबांच्या रेटारेटीत जो जिंकेल त्याप्रमाणे गिअर पडतो. विजेचा संबंध फक्त ओव्हरड्राइव्हपुरता. मला हे यंत्र फार देखणं वाटतं. ते उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात फेकणाऱ्यांना ते आतून कधी दिसत नाही, ही त्यांची अडचण.

*

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एक डबा काढायचा, दुसरा लावायचा. प्रत्यक्ष कामाला लागल्यावर कळतं की ऑटोमॅटिक गाडीभर पसरलेला आहे. रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत त्याच्या तेलाचा कूलर आहे, त्याच्या दोन नळ्या इंजिनाखालून गेल्यात. ॲक्सिलरेटरच्या चाकाला त्याची केबल आहे. स्टार्टरची वायर त्याच्या दांड्याजवळच्या स्विचमधून जाते, कारण गाडी पी किंवा एन मध्ये असल्याशिवाय सुरू होऊ नये. मागचे रिव्हर्सचे दिवे त्याच स्विचवर पेटतात. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा बाणाच्या आकाराचा दिवा आहे, त्याचा रिले आहे. ब्रेकचं पेडल त्याच्यासाठी रुंद आहे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नाही, पत्र्याची पातळ तबकडी आहे, कारण जडपणाचं काम तेलानं भरलेला कन्व्हर्टरच करतो. एवढ्या ठिकाणांहून त्याला सोडवायचं, आणि प्रत्येक ठिकाणी मॅन्युअलचं काहीतरी आणून बसवायचं.

म्हणून जाणती मंडळी सुटे भाग शोधत बसत नाहीत, अख्खी गाडी शोधतात. गंजलेली किंवा मागून ठोकलेली मॅन्युअल २४०, जिचं कवच गेलंय पण पोट शाबूत आहे. तिच्यातून पेडलांचा संच, क्लच केबल, फ्लायव्हील, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, खालचा आडवा बार, प्रोपेलर शाफ्ट, गिअरचा दांडा आणि बारीकसारीक नट-बोल्टसुद्धा निघतात. महाग वस्तूंपेक्षा हे बारीकसारीकच काम अडवतं. क्लचच्या फोर्कवरचं रबर, केबलची एक क्लिप, पेडलाची स्प्रिंग. इंटरनेटवर गिअरबॉक्स सापडतो, क्लिप सापडत नाही.

उतरवण्याचं काम शारीरिक कष्टाचं. एक्झॉस्ट सोडायचा, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट मधल्या बेअरिंगसह काढायचा, तेलाच्या नळ्या सोडताना बाही लाल करून घ्यायची. कन्व्हर्टरचे बोल्ट एका छोट्या झरोक्यातून, इंजिन हातानं फिरवत फिरवत, एकेक करून. सगळ्यात छळतात ते बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट. ते इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या बेचक्यात असतात, वरून दिसत नाहीत, खालून हात पोचत नाही. मग गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकवायचं आणि दोन-तीन एक्स्टेन्शन एकाला एक जोडून हातभर लांबीचा पाना मागून आत घालायचा. गंजलेला बोल्ट सुटतो तेव्हा जो आवाज येतो, तो ऐकल्यावर चेहऱ्यावर उमटणारं समाधान घरच्यांना समजावता येत नाही.

पेडलांचं काम गाडीच्या आत, स्टिअरिंगखाली उताणं पडून. क्लच केबलसाठी लागणारं भोक कारखान्यानं पत्र्यात आधीच योजलेलं असतं, नुसतं झाकण काढायचं. पन्नास वर्षांपूर्वीच्या आरेखनकारानं एकाच सांगाड्यात दोन्ही गाड्यांची सोय केली होती. २४० मध्ये हे काम घरगुती माणसाला जमतं ते याच कारणानं.

इंजिनाच्या मागच्या टोकाला क्रँकशाफ्टमध्ये एक खोलगट जागा असते. तिथं पायलट बेअरिंग ठोकावं लागतं, कारण मॅन्युअलच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. ऑटोमॅटिक गाडीत ते नसतं. विसरलात तर गिअरबॉक्स तरीही बसतो, आणि मग काही दिवसांनी करकर ऐकू आली की सगळं पुन्हा उतरवायचं. हे बेअरिंग मुठीत मावेल एवढं असतं आणि फार स्वस्त मिळतं.

*

या सगळ्या कामातला माझा आवडता सापळा फ्लायव्हीलमध्ये आहे.

१९८९ च्या सुमारास २४० मध्ये बॉशची एलएच २.४ ही इंधन-यंत्रणा आली. त्याआधी ठिणगी कधी टाकायची हे डिस्ट्रिब्युटरमधला सेन्सर सांगायचा. नव्या यंत्रणेनं हे काम फ्लायव्हीलच्या कडेकडे दिलं. कडेवर साठ दातांची मोजणी, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. वर बसवलेला सेन्सर ते दात मोजत राहतो, रिकामी जागा आली की त्याला क्रँक कुठं आहे ते कळतं, आणि त्यावरून संगणक ठिणगी ठरवतो. म्हणजे नव्या गाडीला जुन्या सालातलं मॅन्युअल फ्लायव्हील लावलं तर ते तंतोतंत बसेल, क्लच उत्तम चालेल, स्टार्टर गरगरेल आणि इंजिन कधीच सुरू होणार नाही. मोजायला दातच नाहीत.

योग्य सालातलं फ्लायव्हील मिळालं तरी सुटका नाही. ते क्रँकला आठ बोल्टांनी लागतं आणि आठही भोकं समान अंतरावर आहेत. त्यामुळे फ्लायव्हील आठ तऱ्हांनी बसू शकतं आणि त्यातली बरोबर एकच. उरलेल्या सातांत रिकामी जागा भलत्याच कोनात येते. चूक लक्षात येईपर्यंत क्लच, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, शाफ्ट, एक्झॉस्ट सगळं चढलेलं असतं. जुनी तबकडी काढण्याआधी पहिला पिस्टन वर आणून खूण करून ठेवणं हा दहा मिनिटांचा उद्योग आहे. तो न केलेल्या माणसाचा अख्खा रविवार त्या दहा मिनिटांची भरपाई करण्यात जातो.

वायरिंग त्या मानानं सोपं. त्या पी-एनच्या स्विचपाशी आलेल्या स्टार्टरच्या जाड वायरी एकमेकींना जोडल्या की गाडी सुरू होते, रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरी मॅन्युअलवरच्या स्विचला न्यायच्या. मात्र ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या व्होल्वोंच्या इंजिनाकडच्या वायरींचं आवरण इतकं वाईट होतं की ते हात लावताच भुगा होऊन गळतं. तिथं गिअरबॉक्स राहू दे, आधी वायरिंग करा. आणि स्टार्टरची वायर थेट जोडल्यावर एक सुरक्षा निघून जाते, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही आणि कुणी किल्ली फिरवली, तर ती पुढे उडी मारते. समोर भिंत असेल किंवा मूल असेल. क्लच पेडलाला एक साधा स्विच लावून स्टार्टरची वायर त्यातून न्यायला फार श्रम पडत नाहीत. तो न लावणाऱ्या मिस्त्रीला मी माझी गाडी देणार नाही. दुसरी गोष्ट पी ची. ऑटोमॅटिकमध्ये पी वर टाकलं की आतला एक खटका चाकं अडकवतो आणि मालकांनी त्या भरवशावर हँडब्रेक वर्षानुवर्षं ओढलेलाच नसतो. मॅन्युअल झाल्यावर सगळा भार त्या गंजक्या हँडब्रेकवर येतो. आधी तो नीट करून घ्यायचा.

*

कोणता गिअरबॉक्स घ्यायचा यावर या मंडळींत उभे वाद आहेत. जुना एम ४६ हा चार गिअरचा, मागे शेफिल्डच्या लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह जोडलेला. तो दांड्याच्या मुठीवरच्या बटणानं लागतो. चौथ्यात असताना अंगठ्यानं बटण दाबलं की इंजिन शांत होतं. नंतरचा एम ४७ सरळ पाच गिअरचा. पण पाचवा गिअर पाठीमागे शेपटाकडे आहे आणि तेल जरा कमी झालं की पहिली झळ त्यालाच. अधिक ताकदवान इंजिन करू पाहणारे या दोघांनाही नाक मुरडतात आणि फोर्ड मस्टँगमधला टी ५ अडॅप्टर लावून बसवतात. माझं मत विचाराल तर मूळ ११४ अश्वशक्तीच्या इंजिनाला एम ४६ पुरेसा आहे, आणि ते बटण दाबण्यातली मजा पाचव्या गिअरला नाही.

मात्र एक हिशेब क्वचितच कुणी आधी करतो. समज असा असतो की मॅन्युअल केली की पेट्रोल वाचेल. एडब्ल्यू ७० च्या चौथ्या गिअरचं गुणोत्तर आहे ०.६९ (आकडा जितका लहान, तितके इंजिनाचे फेरे कमी). एम ४७ चा पाचवा आणि एम ४६ चा ओव्हरड्राइव्ह, दोन्ही सुमारे ०.८ चे. आता ऑटोमॅटिक २४० चा मागचा डिफरन्शियल बऱ्याचदा ३.७३ चा असतो, आणि गिअरबॉक्स बदलणारे तो तसाच ठेवतात. १८५/७० चे चौदा इंची टायर धरून गणित मांडलं तर ताशी शंभर किलोमीटरला ऑटोमॅटिकमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २,२०० फेरे घेत होतं (कन्व्हर्टरची घसर सोडून), मॅन्युअलमध्ये ते २,६०० च्या आसपास जातं. म्हणजे शहरात कन्व्हर्टरची घसर वाचते, पण हमरस्त्यावर इंजिन जास्त ओरडतं. उलट टोकाला पहिला गिअर. एम ४७ मध्ये तो चारच्या वर आहे. ऑटोमॅटिकमध्ये तो अडीचच्या आत असून चालतो, कारण कन्व्हर्टर पीळ दुप्पट करून देतो. त्या ३.७३ च्या डिफरन्शियलसोबत मॅन्युअलचा पहिला गिअर इतका आखूड होतो की चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागतो. हे सुधारायचं तर मागचा डिफरन्शियलही कमी आकड्याचा शोधायचा. काम गिअरबॉक्सपासून सुरू झालं होतं, ते आता मागच्या चाकांपर्यंत पोचलं. वेग दाखवणारा काटा तेवढा वाचतो. १९८६ नंतरच्या २४० मध्ये त्याचा सेन्सर डिफरन्शियलवरच आहे, गिअरबॉक्सशी त्याचं देणंघेणं नाही.

मग मिळतं काय? ११४ अश्वशक्ती आणि सव्वा टनाहून जड गाडी, म्हणजे वेगाची फुशारकी मारण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो वळणाच्या आधी. ऑटोमॅटिक २४० मध्ये ॲक्सिलरेटर दाबला की एक विचारमग्न शांतता येते, मग गिअर खाली पडतो, मग गाडी उठते. मॅन्युअलमध्ये ती शांतता जाते. उतारावर इंजिनाचा ब्रेक हवा तेवढा मिळतो. बोरघाट किंवा आंबोली उतरलेल्या माणसाला दुसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरून काढून गाडी सोडणं म्हणजे काय हे सांगायला नको. तेच जुनं इंजिन अचानक तरुण वाटतं, असं हे काम केलेले जवळपास सगळे सांगतात. एवढा घाम गाळल्यावर माणूस दुसरं काय सांगणार, हेही खरं.

*

हे सगळं २४० मध्ये जमतं, कारण तिच्या इंजिनाच्या संगणकाला मागे कोणता गिअरबॉक्स आहे याची फारशी फिकीर नसते. २००० च्या आसपासपासून परिस्थिती बदलली. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि चोरीविरोधी यंत्रणा हे सगळे संगणक एकाच तारेवर आपसात बोलू लागले. त्यातला गिअरबॉक्सचा संगणक गप्प झाला की बाकीचे गोंधळतात. दिवे पेटतात, इंजिन मुद्दाम मंद होतं, काही गाड्या सुरूच होत नाहीत. तिथं पान्याइतकंच लॅपटॉपचं काम असतं. इंजिनाच्या संगणकात शिरून त्याला 'आता तू मॅन्युअल गाडीत आहेस' हे शिकवावं लागतं. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॉडेलांत ते शिकवता येतं, पुष्कळ गाड्यांत येत नाही.

आणि या हौसेचं सर्वांत श्रीमंत टोक फेरारीत आहे. फेरारीनं १९९७ साली एफ३५५ मध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय दिली. पुढे गिऱ्हाइकांनी तीच उचलली. ५९९ जीटीबी फिओरानो या मॉडेलच्या तीन पेडलांच्या गाड्या जेमतेम तीस बनल्या. आज त्या तिसांना लिलावात वेगळाच भाव आहे, म्हणून इतर मालक पट्ट्यांच्या गाड्या मॅन्युअल करून घेतात. गंमत अशी की आतला गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच आहे. वर तेलाच्या दाबानं क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा बसवलेली आहे, ती काढायची आणि पेडल व दांडा जोडायचा. ती यंत्रणा इटलीच्या मॅग्नेटी मारेलीची.

हे नाव भारतातल्या वाचकाला ओळखीचं वाटलं पाहिजे. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत मारुती सेलेरियो आली, तिच्यातला एएमटी याच कंपनीचा. तत्त्व तेच : आत साधा पाच गिअरचा मॅन्युअल, वर क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा यांत्रिक हात. भारतात ऑटोमॅटिक स्वस्त झाला तो या मार्गानं. ज्या यंत्रणेला फेरारीचे श्रीमंत मालक आज उपटून काढतात, ती आपल्याकडे कात्रज-हडपसर रहदारीत कुणाच्या तरी गुडघ्यावर उपकार करते आहे. दोघांचंही बरोबर आहे. रोज दीड तास हाफ क्लचवर काढणाऱ्या माणसाला मॅन्युअलचा आनंद ऐकवायला जाऊ नये.

आपल्याकडे या कामाची परंपरा नव्हती, कारण बदलायला ऑटोमॅटिकच नव्हते. फिआट आणि ॲम्बॅसॅडरचे गिअर स्टिअरिंगवर होते, पण हातानंच पाडायचे होते. आता मात्र वीस-पंचवीस वर्षांच्या ऑटोमॅटिक सेदान गाड्यांची पहिली पिढी म्हातारी झाली आहे. गिअरबॉक्स बिघडतो, दुरुस्तीचा आकडा ऐकून मालक गार पडतो, आणि गॅरेजवाला सहज म्हणतो, साहेब, त्यापेक्षा मॅन्युअल टाकून देऊ, भंगारातून मिळेल. यांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नसतो. त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी भारतात विकली गेली असेल तर भाग मिळतात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवा. नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, अशी त्याची भूमिका आहे. तुमचा बदल त्यात बसतो की नाही हे आरटीओनं लेखी सांगायला हवं, मिस्त्रीनं तोंडी नव्हे. विमा कंपनीलाही आधी कळवा. अपघातानंतर सर्व्हेयर गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा कळवण्याची वेळ गेलेली असते. ब्रिटनमध्ये आणखी एक वळण आहे. तिथं ऑटोमॅटिकवर परीक्षा देणाऱ्याच्या परवान्यावर ७८ हा संकेतांक येतो आणि त्याला मॅन्युअल चालवता येत नाही. असा माणूस आपली गाडी बदलून बसला, तर ती चालवायला त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.

माझा निवाडा असा. चालता ऑटोमॅटिक उतरवू नका. एडब्ल्यू ७० सारखं यंत्र तेल वेळेवर बदललं तर गाडीपेक्षा जास्त जगतं, आणि असं चालतं यंत्र काढून टाकलं जातं याचं मला वाईट वाटतं. गिअरबॉक्स खरोखर मेला असेल, शेजारी भागांसाठी अख्खी दुसरी गाडी उभी असेल, आणि रोज कामाला जायला तिसरी गाडी असेल, तर खुशाल करा. आणि २४० चा चौथा गिअर पडत नाही म्हणून गिअरबॉक्स गेला असं कुणी सांगितलं, तर आधी ओव्हरड्राइव्हचा रिले काढून त्याच्या आतले सोल्डरचे सांधे बघा. बऱ्याचदा तिथं केसाएवढी चीर असते आणि ती पंधरा मिनिटांत भरून निघते.